समूहातील गाव

नागरिकशास्त्राच्या चाचणी परीक्षेत आम्ही एक सोपा प्रश्न घातला होता: 'तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीची माहिती लिहा.' वसतिगृहात राहणाऱ्या साक्री तालुक्यातील एका विद्यार्थ्याने उत्तर लिहिले, 'आमच्या गावाला ग्रामपंचायत नाही. सरपंच नदीपलीकडे राहतात.' आम्ही त्यावर लाल रेघ ओढली व शून्य गुण दिले. मुलाने तक्रार केली नाही. ती त्याने केली असती तर आम्हांस बरे वाटले असते.

पुढे २ ऑक्टोबरच्या सुटीत त्याच्यासमवेत त्याच्या गावी जाण्याचा योग आला. धुळ्याहून साक्रीपर्यंत एस. टी., तेथून जीपगाडी, आणि शेवटी पांझरेच्या पाण्यातून पायी. पावसाळा नुकताच सरला होता. पादत्राणे हाती घेऊन आम्ही नदी ओलांडली. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, मुलाने लिहिले ते अक्षरशः खरे होते.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये अनेक लहान गावांची मिळून एकच पंचायत करिता येते. हिलाच लोक गट ग्रामपंचायत म्हणतात. सदस्य ७ ते १७, सरपंच एक, दप्तर एक, तिजोरीही एकच. दूर रोमानिया देशातही १८६४ च्या कायद्याने खेड्यांचे असे समूह बांधले गेले, व तेथेही समूहाला एकच प्रमुख असतो. कार्यालय ज्या गावी, ते गाव साहजिकच थोरले ठरते. इतर गावे नकाशात असतात.

सभा थोरल्या गावच्या शाळेत होती. गणसंख्येसाठी मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके हजर हवेत. धाकट्या वाडीतील बायका कडेवर मुले घेऊन नदी उतरून आल्या होत्या. परंतु ज्यांच्या दारात सभा, तेच आले नव्हते! सभा तहकूब झाली. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणसंख्येची अट राहत नाही, हे आम्ही वर्गात अनेकदा शिकविले आहे. परंतु तेथे बसून त्याचा अर्थ निराळाच लागला. पुढच्या खेपेस नदी उतरून कोणी आले नाही, तरी त्यांच्या मोरीचा ठराव लांबणीवर टाकण्यास कोणाची हरकत नव्हती. आमच्या विद्यार्थ्याचे वडील एवढेच म्हणाले, "गुरुजी, मजुरी बुडवून रोज थोडेच येता येते?"

नवल हे की, याच पांझरेच्या काठी आपल्या पूर्वजांनी वाटणीचा प्रश्न फार पूर्वी सोडविला होता. फडपद्धतीत बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडीत. एका फडात एकच पीक, आणि शक्यतो प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी घ्यावयाचे नाही, पाटकऱ्याने द्यावयाचे. अवर्षणाच्या साली एखादा फड कोरडा ठेविला, तर तोटा सर्वांच्याच अंगावर पडे. त्यामुळे कोणाचा फड कोरडा ठेवावा, असा कलहच फारसा उरत नसे. गट पंचायतीत मात्र एकाची मोरी राहिली तर दुसऱ्याचे काय जाते?

कायद्यात उपाय नाही, असे नाही. समूहातील गावांत सभा आळीपाळीने भरावी, असा नियम आहे. तो वाचून दाखविताच वाडीतील वृद्ध मंडळी आमच्याकडे अविश्वासाने पाहू लागली. त्यांची पाळी कधी आल्याचे कोणासही स्मरत नव्हते.

धुळ्यास परतल्यावर ती उत्तरपत्रिका आम्ही पुन्हा काढली व पूर्ण गुण दिले. चार दिवसांनी तोच मुलगा एक कागद घेऊन आला. पुढील सभा आपल्या वाडीत भरवावी, असा वडिलांच्या नावचा अर्ज त्याने लिहिला होता. आम्ही त्यातील ऱ्हस्वदीर्घ तेवढे तपासले.