घोडीच्या पाठीवरची प्लेट
सारोळे ते वरंधा : दैनंदिनी, भाग दुसरा

सोमवार, सारोळे

पुण्याहून साताऱ्याकडं जाताना किकवी मागं पडली की सारोळे येतं. पुलाखाली नीरा, पलीकडं शिरवळ आणि सातारा जिल्हा. महामार्गावरून हे गाव मिनिटाभरात मागं जातं. दिवाळी उलटली, की फलटणकडचे काही धनगर वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारी बिऱ्हाडं, या भागातून भोरमार्गे वरंधा घाट उतरून कोकणात जातात. अशाच एका वाड्याबरोबर या वेळी चालायचं ठरवलं आहे. रोज मुक्काम हलवणारी माणसं मोबाइल आणि बॅटरी कशावर चार्ज करतात, एवढंच मला नीट पाहायचं आहे.

माझ्या पाठीवर दहा वॉटची घडीची सोलर प्लेट, दहा हजार एमएएचची पॉवर बँक, फोन आणि डोक्याला लावायचा दिवा. वाडा बाजरी काढलेल्या रानात उतरला होता. मेंढरं चरायला गेलेली, वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, फक्त कोकरं. पालाच्या दक्षिणेला दोन दगडांवर टेकवलेली अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची वीस वॉटची प्लेट, तिच्यापासून निघालेली लाल-काळी वायर आणि पालाच्या सावलीत जुन्या हंड्यात ठेवलेली बारा व्होल्टची छोटी बॅटरी. तिला गाडीत लावतात तो मोबाइलचा चार्जर जोडलेला.

"उन्हात प्लेट, सावलीत बॅटरी," वाड्यातल्या मावशी म्हणाल्या. "फोन उन्हात ठिवला तर तापतो, ताई, मग चारजिंगच घेत न्हाई."

अगदी बरोबर. लिथियमची बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर तापलेली असताना चार्ज करू नये, म्हणून फोन स्वतःच चार्जिंग तोडतो. प्लेटलाही उष्णता सोसत नाही. तिच्यावर लिहिलेले वॉट 25 अंश तापमानाला आणि दर चौरस मीटरला हजार वॉट उन्हात मोजलेले असतात. त्यापुढं अंशागणिक साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होते, आणि उन्हात पडलेली काळी प्लेट सहज 50 अंशांवर जाते. मावशींनी प्लेट जमिनीवर आडवी न टाकता दगडांवर टेकवली होती, त्यामुळं मागून वारा खेळत होता.

मंगळवार, कापूरहोळच्या अलीकडं

पहाटेच बिऱ्हाड हललं. वाड्याची रीत अशी, की पुरुष मेंढरांमागं रानातून जातात आणि बायका घोड्या घेऊन पुढच्या मुक्कामाला. पाल, भांडी, दळण, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं, सगळं घोडीच्या पाठीवर. सगळ्यांत वर, गोधडीवर, ती प्लेट. काच वर, सुतळीचे चार वेढे. म्हणजे या वाड्याची वीज बायकांच्या हातात आहे. वायर कधी जोडायची, कुणाचा फोन आधी लावायचा, हे मावशी आणि त्यांची सून ठरवतात.

चालताना मात्र वायर सोडवलेली असते. मी कारण विचारलं. "हिसक्यानं पिन निघती. आन घोडी कुठं सूर्याकडं तोंड करून चालती?"

मी माझी प्लेट सॅकवर बांधून मोजून पाहिली. यूएसबीत बसणारा छोटा मीटर जवळ होता. चालताना मिळत होते जेमतेम दोन-अडीच वॉट, तेही झाडाखालून जाताना शून्यावर येत. दुपारी मुक्कामाला तीच प्लेट सूर्यासमोर धरली, तर साडेसहा. सोलर कंपन्यांच्या जाहिरातीत सॅकवर प्लेट बांधून डोंगर चढणारा माणूस असतो. तो फोटो पाहून प्लेट घेऊ नका. चालताना चार्जिंग नगण्य होतं, खरं चार्जिंग होतं थांबल्यावर.

प्लेट सूर्यासमोर आली की नाही, हे पाहण्याची मावशींची पद्धत मला फार आवडली. बाजरीचं एक चिपाड त्या प्लेटच्या काचेवर उभं धरतात. त्याची सावली पडली, की प्लेट सावलीच्या उलट बाजूला, म्हणजे सूर्याकडं, थोडी कलवायची. सावली बुडाशी नाहीशी झाली, की किरण काचेवर सरळ पडतायत. मी कोनाचा हिशोब केला. सारोळे 18 अंश अक्षांशाच्या जरा वर आहे, आणि नोव्हेंबरअखेर सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीसेक अंश सरकलेला असतो. म्हणजे भर दुपारी प्लेट दक्षिणेला तोंड करून जमिनीशी सुमारे 38 अंश उभी हवी. मावशींची प्लेट जवळपास तशीच होती. दर तासाला पाणी प्यायला उठल्या, की त्या ती जराशी पश्चिमेला वळवत.

गुरुवार, भोर

मेंढरांच्या चालीनं भोर गाठलं. गावाजवळच भाटघर, वेळवंडी नदीवरचं इंग्रजांच्या काळातलं धरण. पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. तिथून निघणाऱ्या तारा डोक्यावरून जातात आणि वाड्याला त्यांचा उपयोग नाही. प्लग हवा तर हॉटेलात बसावं लागतं, आणि मेंढरं सोडून तासभर बसायला कुणाला सवड आहे?

बाजारात पाठीला सोलर चिकटवलेली पॉवर बँक दिसली. वाड्यातला एक पोरगा ती घ्यायला निघाला होता, म्हणून त्याला हिशोब सांगितला. दहा हजार एमएएच म्हणजे 37 वॉट-तास. तिच्या पाठीवरची हाताच्या पंजाएवढी प्लेट दीड वॉटच्या आसपास. दिवसाचं पाचेक तासांचं कडक ऊन धरलं, तरी भरायला पाचाहून जास्त दिवस, आणि त्यासाठी आतली लिथियम बॅटरीही उन्हात भाजायची. प्लेट वेगळी आणि बँक वेगळी असावी, हा माझा ठाम सल्ला आहे. दहा वॉटच्या प्लेटनं दुपारचे चार तास सहा-साडेसहा वॉट दिले, की 25 वॉट-तास होतात. साठवताना आणि परत काढताना गळती होऊन सतरा-अठरा उरतात. पाच हजार एमएएचचा फोन जवळजवळ भरतो. एका माणसाला पुरे.

भोरच्या मुक्कामात एका गोष्टीची वारंवार आठवण आली. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतन सिंह सोळंकी 2020 च्या नोव्हेंबरात सौरऊर्जेच्या प्रसारासाठी सोलर बस घेऊन निघाले. 2030 पर्यंत घरी न परतण्याचा त्यांचा संकल्प आहे. त्याआधी आयआयटी मुंबईच्या सौर अभ्यास-दिव्यांच्या प्रकल्पात त्यांनी दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती गावातल्याच माणसांना शिकवली होती. मला मोलाची वाटते ती दुरुस्तीची बाजू. मावशींकडं याआधी एक प्लेट होती. काच शाबूत, पण मागच्या डबीतली वायर सुटली म्हणून ती दोन वर्षं गावाकडच्या घरात पडून आहे. डाग देऊन देईल असं कुणी वाटेत भेटलंच नाही. आज एका मोटार दुरुस्तीवाल्यानं मावशींच्या सुनेला डाग द्यायला शिकवलं. त्यासाठी तासभर गेला आणि पैसे त्यानं घेतले नाहीत.

रविवार, हिर्डोशी

नीरा-देवघरच्या पाण्याकडेनं रस्ता आत शिरतो आणि दोन्ही अंगांनी डोंगर चढत जातात. ऊन साडेआठला आलं, दुपारी चारलाच डोंगराआड गेलं. चार्जिंगचे तास कमी झाले, तशी वाड्यातली वाटणी कडक झाली. पहिला नंबर राखणीच्या बॅटरीचा, म्हणजे हातातल्या टॉर्चचा. इकडं बिबट्याची भीती, तिकडं माळावर लांडग्याची. रात्री वाघरीभोवती प्रकाश फिरवता आला नाही, तर नुकसान थेट मेंढरांचं. दुसरा नंबर कारभाऱ्याच्या फोनचा, कारण उद्या कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, बदल्यात धान्य की पैसे, हे आता फोनवर ठरतं. तिसरा मावशींचा, रात्री शाळेतल्या नातवाशी बोलायला. गाणी-व्हिडिओ सगळ्यांत शेवटी.

दुपारी हिरड्याच्या एका फांदीची सावली प्लेटच्या कोपऱ्यावर आली आणि बॅटरीत जाणारी वीज निम्म्याहून खाली गेली. प्लेटमधले सेल एकामागं एक जोडलेले असतात, एक झाकला की त्या रांगेतला प्रवाहच अडतो. सुनेनं काही न बोलता प्लेट उचलली आणि चार पावलं पुढं ठेवली.

सोमवार, वरंधा

घाटमाथ्यावर थांबलो. खाली शिवथरचं खोरं, पुढं महाड. वाडा उद्या उतरेल, खालच्या भातखाचरांत खतासाठी मेंढरं बसतील, आणि उन्हाळा सरत आला की याच वाटेनं परत चढतील.

2024 साली आलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावर सोलर बसवायला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण त्यासाठी छत आणि वीजजोडणी लागते. सौर कृषीपंपाला शेत आणि पाणी लागतं. वर्षातले सात-आठ महिने पालात काढणाऱ्या माणसाकडं वाटेवर यातलं काहीच नसतं. धनगरांसाठी राज्याची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे, तीत मेंढ्यांच्या गटासाठी 75 टक्के अनुदान मिळतं. त्याच योजनेत वाड्यामागं एक वीस वॉटची प्लेट, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि राखणीचा दिवा द्यावा. वाड्यातल्या एका बाईला जोडणी आणि डाग द्यायचं प्रशिक्षणही द्यावं. पशुसंवर्धन खात्यानं एवढं मनावर घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि भोर-सारोळे पट्ट्यातल्या शेतकरी वाचकांना एक सांगणं : वाडा तुमच्या रानात उतरला, तर पालासाठी दक्षिणेला झाड नसलेली जागा द्या.