चिंचणीच्या वाटेवर ताणाबाणा

बोईसर स्थानकातून पश्चिमेस निघालेला रस्ता तारापूर औद्योगिक वसाहतीच्या बाजूने चिंचणीस पोहोचतो. गाव जुने. येथे सापडलेल्या शके ८४८ च्या ताम्रपटात, राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार मधुमती नावाचा अरब अधिकारी पाहत असल्याचा उल्लेख आहे. सुरूच्या बनाखालचा समुद्रकिनारा आणि घरोघरी चालणारे दागिन्यांच्या डायचे बारीक काम ही गावाची आजची ओळख. व्यापारी मनुष्याचे पाऊल मात्र वाटेवरच रेंगाळते, कारण वसाहतीत रसायनांच्या कारखान्यांशेजारी कापडाचेही कारखाने आहेत.

कापडाचा भाव सूत आणि रीड-पीक यांवरून ठरतो, असे पेढीवर मानले जाते. मागावर विणीचाही हिशेब असतो. साध्या विणीत ताण्याचा प्रत्येक धागा प्रत्येक बाण्यागणिक वर-खाली होतो. वहीच्या डोळ्यात, फणीच्या दातांत आणि शेजारच्या धाग्याशी तो सतत घासला जातो. तंतू उसवतात, लव उठते आणि अखेर धागा तुटतो. तीन-एक ट्विलमध्ये, म्हणजे डेनिमच्या विणीत, धागा तीन बाण्यांवरून सलग जातो. पाच धाग्यांच्या सॅटिनमध्ये तो पाचांत एकदाच गुंततो. गुंतणे कमी तेवढी बाणा ठोकताना होणारी ओढाताण कमी. म्हणून त्याच सुतात ट्विल अधिक दाट विणता येते. तसेच दाट साधे कापड मागाला जड जाते. साध्या विणीला वस्तुतः दोन वह्या पुरतात, तरी दाट मालास जाणते विणकर चार लावतात, ते केवळ दाटीतील घर्षण कमी व्हावे म्हणून.

खरी अडचण मिश्र विणीची. साध्या जमिनीवर सॅटिनचा पट्टा घेतला की साधे धागे जास्त आवळले जातात, पट्ट्याचे सैल पडतात. एकाच बीमवर दोन्ही घेण्याची काटकसर महाग पडते. पट्ट्यासाठी वेगळा बीमच हवा. तुटलेल्या धाग्यामुळे माग थांबला की कापडावर आडवी खूण राहण्याचा संभव असतो, आणि त्या मालाची गणना हलक्या प्रतीत होते.

घर्षणापासून धाग्याचे रक्षण खळ करते. जैन वाचकांसाठी मुद्दा येथेच आहे. स्टार्चच्या खळीत धागा मऊ व निसरडा राहावा म्हणून गिरण्यांतून पूर्वी प्राण्यांची चरबी सर्रास वापरली जाई. आता वनस्पती तेलांपासूनचे व कृत्रिम पर्याय उपलब्ध आहेत. वीण जितकी घट्ट तितकी या वंगणाची गरज मोठी, त्यामुळे प्रश्न दाट साध्या कापडाच्या बाबतीत प्रथम उठतो. धुलाईनंतर खळ निघून जाते, आणि तिच्यात काय होते हे तयार कापडावर हात फिरवून कळत नाही. ते सायझिंगवाल्याला, मागणी नोंदवतानाच, विचारावे लागते.