पांढरी शाई

घरातल्या किंवा ऑफिसातल्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा एवढं त्याचं भांडवल. पांढरं हवं तिथे तो काहीच करत नाही, कागद मोकळा सोडतो. कागद पांढराच असणार, हे त्यात धरून चाललेलं असतं. अर्ज, बिलं, आमंत्रणं यांचं त्यावाचून काही अडत नाही. माझं मात्र अडतं. मी भारतीय रेल्वेची मॉडेलं करतो, खऱ्या गाडीच्या 87 पट लहान, आणि मालगाडीच्या तांबूस तपकिरी वाघिणीवर लिहिलेलं जवळजवळ सगळं पांढऱ्यात असतं. ‘म रे’, म्हणजे मध्य रेल्वे, ही मालकाची अक्षरं, त्यांच्याशेजारी इंग्रजीत तेच, अकरा आकडी क्रमांक, रिकामं वजन, वहनक्षमता, कारखान्यात शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली आणि पुढची कधी, याच्या तारखा. हा मजकूर नसेल तर वाघीण कितीही नेटकी केलेली असो, ती तपकिरी खोकंच राहते. अमेरिकन आणि जर्मन गाड्यांची तयार डिकॅल्स दुकानात मिळतात. ‘म रे’ लिहिलेलं डिकॅल मागितलं तर मिळत नाही. ते घरीच छापावं लागतं.

डिकॅल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचं चित्र. खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर लॅकरचा पारदर्शक पापुद्रा, आणि पापुद्र्यावर छपाई. भिजवलं की डिंक सुटतो, पापुद्रा मोकळा होतो आणि ब्रशच्या टोकाने मॉडेलवर सरकवता येतो. यातलं कागद-डिंक-पापुद्रा विकत मिळतं. कळीचा प्रश्न पांढऱ्या छपाईचा.

त्याचं उत्तर म्हणून माझ्या टेबलावर एमडी-5000 हा प्रिंटर आहे. जपानच्या आल्प्स इलेक्ट्रिक कंपनीने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ही एमडी मालिका बाजारात आणली. बाकीचे प्रिंटर पातळ शाई फवारत होते किंवा टोनरची पूड तापवून कागदावर बसवत होते, तेव्हा या यंत्राने तिसरी वाट धरली. याची शाई कोरडी असते. प्लॅस्टिकच्या तलम रिबनवर राळेसारख्या रंगद्रव्याचा थर, आणि ती रिबन गाण्यांच्या कॅसेटसारख्या छोट्या कॅसेटमध्ये गुंडाळलेली. प्रिंटहेडवर डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक तापणारे बिंदू असतात. जिथे ठिपका हवा तिथला बिंदू क्षणभर तापतो, रिबनवरचा तेवढाच रंग वितळून कागदाला चिकटतो आणि रिबन पुढे जाते. कॅसेट रंगागणिक वेगळी: चार नेहमीचे रंग, शिवाय पांढरा, सोनेरी, चंदेरी. एका रंगाचं काम संपलं की यंत्र आपणहून ती कॅसेट जागेवर ठेवतं आणि दुसरी उचलतं. ते पाहायला मला आजही आवडतं.

या यंत्राची खरी थोरवी दोन गोष्टींत आहे. पांढऱ्याला ते रंग मानतं, ही पहिली. दुसरी अशी, की एका रंगावर दुसरा रंग छापायचा तर कागद बाहेर न टाकता ते तो मागे ओढून घेतं आणि पुन्हा त्याच जागेवरून छापायला लागतं. आधी पांढरा थर, त्यावर लाल किंवा पिवळा, असं केलं की तपकिरी किंवा निळ्या अंगावरही रंग मळकट दिसत नाही. खालचा पांढरा थर मात्र चित्रापेक्षा एका ठिपक्याने आखूड ठेवायचा, नाहीतर कडेला पांढरी किनार डोकावते. वाघिणीच्या नुसत्या पांढऱ्या अक्षरांसाठीही मी पांढरा दोनदा छापतो. एकाच थरातून खालचा तपकिरी जाणवतो आणि अक्षर धुळकट वाटतं.

आल्प्सने एमडी मालिकेतल्या प्रिंटरची विक्री 2010 मध्ये थांबवली आणि रिबनची 2015 मध्ये. तोवर तो मुख्यतः जपानमध्येच आणि मुख्यतः मॉडेल करणाऱ्यांच्या मागणीवर तग धरून होता. त्यामुळे आज जो मिळतो तो जुना, आणि बहुतेक वेळा जपानमधून आलेला. तिकडची वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची, म्हणून त्याच्या शेजारी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. जोडणी जाड पॅरलल केबलची, तेव्हा तसं पोर्ट असलेला आणि विंडोज एक्सपीवर चालणारा संगणकही सांभाळावा लागतो. माझा असा संगणक इंटरनेटला जोडलेला नाही आणि त्याच्यावर दुसरं कुठलंही काम मी करत नाही.

आता अक्षरांकडे येतो, कारण माझा सगळा जीव तिथे आहे. हा प्रिंटर इंचाला 600 ठिपके देतो. म्हणजे एक ठिपका मिलिमीटरच्या सुमारे चार शतांश भागाएवढा. खऱ्या वाघिणीवर 50 मिलिमीटर उंच असलेलं अक्षर मॉडेलवर 0.57 मिलिमीटर होतं. ठिपक्यांत मोजलं तर तेरा. इंग्रजी कॅपिटल ‘ई’ला तेरा ठिपक्यांत तीन आडव्या रेघा आणि मधल्या दोन फटी आरामात मिळतात. ‘रे’चं गणित वेगळं आहे. मात्रेला चार ठिपके दिले आणि शिरोरेषेला दोन, तर खाली ‘र’साठी सात उरतात, आणि त्या सातांत ‘र’चा वळसाही दिसायला हवा, त्याचा तिरका पायही. शिरोरेषा एका ठिपक्याची करून जागा वाचवावी असं वाटतं, पण एका ठिपक्याच्या रेघेत कागदावरचा एखादा धुळीचा कण आला तरी ती तुटते, आणि तुटलेल्या शिरोरेषेखालचं देवनागरी वाचताना डोळा अडखळतो. म्हणून दोन ठिपके. मूळ आकारात ती रेघ साडेसात मिलिमीटर जाड होते. वाघिणींवर ब्रशने लिहिणाऱ्या पेंटरची रेघ साधारण तेवढीच असते, त्यामुळे ही तडजोड मला खटकत नाही.

संगणकावरचे तयार फाँट इथे कामाचे नाहीत. कारखान्यातला पेंटर शिरोरेषा आधी ओढतो आणि अक्षरं तिला टांगतो, जागा कमी पडली तर शेवटचं अक्षर दाबतो, आकड्यांमधलं अंतर पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांकडे बघून ठरवतो. स्टेन्सिलने मारलेली अक्षरं असतील तर त्यांच्यात ठरावीक ठिकाणी बारीक तुटी असतात. दौंडच्या फलाटावर मालगाडी थांबली की मी हेच न्याहाळत असतो. फोटोवरून एकेक अक्षर गिरवायचं, मग तेरा ठिपक्यांच्या चौकटीत ते हाताने पुन्हा बसवायचं. आपोआप लहान केलेलं अक्षर आणि ठिपका-ठिपका बसवलेलं अक्षर यांतला फरक भिंगाशिवायही कळतो.

क्रमांकाबाबत मी फार काटेकोर आहे. वाघिणीच्या अकरा अंकांत पहिले दोन तिचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, नंतरचे चार तिचा स्वतःचा क्रमांक. अकरावा अंक पडताळणीचा. पहिल्या दहांतले सम स्थानांवरचे अंक मिळवून तिप्पट करायचे, त्यांत विषम स्थानांवरच्यांची बेरीज घालायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतील तो अकरावा अंक. मॉडेलवर हे आकडे अर्ध्या मिलिमीटरचे असतात आणि पाहणारा बेरीज करत बसत नाही, हे मान्य. पण प्रत्येक वाघिणीला तिचा असा एकच क्रमांक असतो आणि तो तिच्या जन्मवर्षासकट लिहिलेला असतो. खोटा क्रमांक लिहिलेली वाघीण माझ्या लेखी कुठलीच वाघीण नाही. फोटोतला क्रमांक धूसर असेल तर हीच बेरीज मदतीला येते: सहा आहे की आठ, याचा निकाल पडताळणीचा अंक लावतो.

छापलेलं डिकॅल नाजूक असतं. ही शाई पापुद्र्यात मुरत नाही, वर बसते, नखाने खरवडली जाते. त्यामुळे छपाईनंतर एअरब्रशने क्लिअर लॅकरचा पातळ हात द्यावाच लागतो. तो जाड झाला तर डिकॅल मॉडेलवर स्टिकरसारखं उठून दिसतं. वाघिणीचा तपकिरी रंग मॅट असतो आणि मॅट पृष्ठभाग बारीक खडबडीत. त्यावर थेट डिकॅल बसवलं तर खाली हवा अडकते आणि उजेडात चंदेरी डाग चमकतात. म्हणून आधी ग्लॉस, मग डिकॅल, मग पुन्हा मॅट. डिकॅल जागेवर आलं की त्याला मऊ करणारं द्रावण लावायचं. मी मायक्रो सोल वापरतो. ते लावल्यावर काही मिनिटांत पापुद्रा सुरकुततो. नवशिक्याला वाटतं सगळं गेलं, आणि तो बोट लावायला जातो. तेव्हा हात मागे ठेवायचा. पापुद्रा मऊ पडून हळूहळू पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांवर, त्यांच्या कडांवर, रिव्हेटच्या डोक्यांवर बसत जातो, आणि वाळल्यावर अक्षरं रंगवलेली वाटतात. या कामातला सगळ्यात सुंदर वेळ तो.

पावसाळ्यात मी छापत नाही. पुण्याची हवा दमट झाली की डिकॅलचा कागद कडेला वळतो, डिंक ओल धरतो आणि प्रिंटहेडखालून कागद सरळ जात नाही. कागद आणि रिबन सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या, आणि छपाई दिवाळीनंतर.

रिबन एकदाच वापरता येते. प्रिंटहेड जिथून गेलं तिथली रिबन संपली, तिथे एकच अक्षर उमटलं असलं तरी. म्हणून पानावर डिकॅल्स वर-खाली विखरून न ठेवता एका आडव्या पट्ट्यात खेटून बसवायची. वापरलेली पांढरी रिबन उजेडासमोर धरली की जिथला रंग निघून गेला तिथे अक्षरं पारदर्शक दिसतात. वाघिणीचा अख्खा क्रमांक वाचता येतो. छपाईत एखादा ठिपका कुठे चुकला हे कागदापेक्षा रिबनवर लवकर सापडतं, कारण कागदावर पांढऱ्या रंगामागेही पांढरंच असतं.

नवीन रिबन बनत नाही म्हटल्यावर ती जपून ठेवावी असा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही. राळ जुनी होते, रिबनवरून नीट सुटेनाशी होते, आणि कपाटातल्या कॅसेटने आजवर एकही वाघीण लिहिलेली नाही. जपायचं ते पानाच्या आखणीत, वापरात नाही.

पर्याय आहेत, आणि ते मी नाकारत नाही. पांढऱ्या टोनरचे लेझर प्रिंटर आता मिळतात. मोठ्या अक्षरांना ते चांगले आहेत, आणि आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने तेच घ्यावेत असं मी सांगेन. पण पुडीचे कण कडेला थोडे विखुरतात, आणि तेरा ठिपक्यांच्या ‘रे’मध्ये मात्रा आणि शिरोरेषा यांच्यातली फट बुजायला तेवढं पुरतं. स्क्रीन प्रिंटिंग आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडचा पांढरा इतका दाट असतो की हेवा वाटावा. एकच मजकूर शंभर वेळा हवा असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. माझ्या प्रत्येक वाघिणीचा क्रमांक वेगळा, आणि इतकी बारीक अक्षरं स्क्रीनच्या जाळीत बुजतात.

सोनेरीला मात्र मला पर्याय सापडलेला नाही. डेक्कन क्वीन 1 जून 1930 रोजी मुंबई-पुणे धावू लागली, तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने तिच्यासाठी सात-सात डब्यांच्या दोन गाड्या केल्या होत्या. खालचे सांगाडे इंग्लंडमध्ये बनले, डबे माटुंग्याच्या कारखान्यात. एक गाडी चंदेरी, तिच्यावर लालभडक पट्ट्या. दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. त्या काळचे फोटो कृष्णधवल, त्यांत ही झळाळी उमटत नाही. म्हणून ती गाडी रंगांत उभी करावी असं फार दिवस मनात आहे. अर्ध्या इंचाची रेघ धरली तर मॉडेलवर ती साडेतीन ठिपक्यांची होते, तीनच घ्यायचे. इतकी बारीक आणि सरळ रेघ ब्रशने दोन्ही बाजूंना, सातही डब्यांवर एकसारखी येणं कठीण आहे. पिवळा आणि काळा मिसळून छापलेला सोनेरी तर जवळून शेवाळी दिसतो. आल्प्सच्या सोनेरी रिबनमध्ये धातूची चमक आहे.

तिथेही एक पेच आहे. डबा ए-फोर कागदाच्या रुंदीपेक्षा लांब. रेघ कागदाच्या उभ्या दिशेने छापली तर प्रिंटहेडच्या एका फेरीचा पट्टा दुसऱ्याला जिथे भेटतो तिथे बारीक सांधा दिसतो, आणि धातूच्या रंगात तो लपत नाही. आडव्या दिशेने छापली तर सांधा नाही, पण रेघ पुरत नाही. मी ती डब्याच्या दारापाशी तोडणार आहे. दाराची चौकट तिथे रेघेला थोडी आत वळवते, त्यामुळे दोन तुकड्यांचा जोड चौकटीच्या सावलीत जातो. सातही डब्यांच्या रेघा एकाच कॅसेटमधून निघायला हव्यात. वेगवेगळ्या वर्षांच्या कॅसेटमधला सोनेरी शेजारी-शेजारी ठेवला की वेगळा दिसतो.

या थंडीत आधी निळी गाडी. चंदेरी गाडी नंतर केली तरी चालेल. तिच्या लाल पट्ट्यांना पांढऱ्यावर किरमिजी आणि त्यावर पिवळा, असे तीन भरीव थर पुरतात, आणि त्या कॅसेट माझ्या डब्यात अजून बऱ्याच आहेत.