तुम्हीच राहिला होतात!

मांडव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं आणि हवा स्वच्छ असली, की मुंबई अगदी समोर दिसते. हात लांब केला तर लागेल, अशी! पण त्या मुंबईत रात्र काढायची वेळ आली, की तीच मुंबई काशीइतकी लांब जाते.

पूर्वी हा प्रश्न आम्हां अलिबागकरांच्या घरी कधी पडलाच नाही. गिरगावात काकांच्या दोन खोल्या होत्या. पांढऱ्या कांद्याची माळ नि पोह्यांची पिशवी काकूच्या हवाली केली, की गॅलरीतलं अंथरूण आपलं. पुढं चाळ पडली, काका डोंबिवलीला गेले आणि मुंबईतलं आमचं हक्काचं अंथरूणही गेलं. तेव्हापासून मी स्वस्त, पण जिवंत अशा लॉजांच्या शोधात आहे.

'हॉटेल' हा शब्द मी मुद्दामच वापरला नाही. मराठी माणूस हॉटेलात जातो तो मिसळ खायला. झोपायला तो जातो 'बोर्डिंग-लॉजिंग'मध्ये. आणि त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह हे असंच उतरण्याचं ठिकाण होतं. लोकमान्य मुंबईत आले की तिथं उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथंच. ज्यांच्या अंत्ययात्रेला सारी मुंबई लोटली, त्यांचा मुंबईतला पत्ता एका लॉजिंगचा होता! धोबीतलावाकडे गोवेकर खलाशांच्या 'कुडी' होत्या, गावागावाच्या नावानं चालणाऱ्या. खलाशानं आपली पेटी तिथं ठेवावी आणि सफरीहून परतल्यावर तिच्याशेजारी पथारी पसरावी. भाडं थोडं, पण माणूस अनोळखी नव्हे.

आता लॉज ओळखायचा कसा? तुम्ही म्हणाल, पाटी बघून. छे! पाटीवर सगळेच राजमहाल असतात. मी आधी जिना बघतो. कठडा हातांनी गुळगुळीत झालेला असला, तर माणसं पुन्हा पुन्हा येतात असं समजावं. मग मॅनेजरच्या पाठीमागं बघतो. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या पिशव्या तिथं ठेवलेल्या असल्या, तर जागा विश्वासाची. खोलीत दाराआड खुंट्या हव्यात. खुंटी नसलेल्या खोलीत सदरा काढून माणूस अगदी पोरका होतो. आणि शेवटची कसोटी म्हणजे कांद्याची माळ. ती पाहून मॅनेजरनं कपाळाला आठी घातली, की मी मुकाट्यानं जिना उतरतो.

या साऱ्या परीक्षांत उतरलेला एक लॉज मला गिरगावातच सापडला. नाव सांगत नाही. सांगितलं तर मलाच खोली मिळायची नाही. मॅनेजर म्हणजे साठीचे, जाड भिंगांचे एक गृहस्थ. बोलणं मोजकं. माळ त्यांनी हातात घेतली, हुंगली आणि म्हणाले, "मास्तर, वरची खोली घ्या. वारा आहे."

पण त्यांची खरी ओळख पटली ती २६ जुलै २००५ ला. त्या दिवशी मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला कुर्ल्याला गेलो होतो. दुपारी पाऊस सुरू झाला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही नाही. कुर्ल्यात गळ्याशी पाणी आणि गिरगावात नुसता श्रावण! लोकल बंद, फोन बंद. ती रात्र मी रस्त्यात अडकलेल्या एका बसमध्ये काढली आणि दुसऱ्या दिवशी चालत चालत तिसऱ्या प्रहरी लॉजवर पोचलो.

मॅनेजर तसेच खुर्चीवर बसलेले. डोळे लाल. समोर रजिस्टर उघडं होतं. त्यात चार नावांपुढं पेन्सिलीचे ठिपके होते. त्यांतल्या दोन नावांपुढं ठिपके पुसल्याचा फिकट डाग. त्यांनी माझ्याकडं एकवार पाहिलं, खोडरबर उचललं आणि माझ्या नावापुढचा ठिपका पुसला. मग पोराला हाक मारून म्हणाले, "गरम पाणी काढ."

एक ठिपका राहिला होता. मिरजेकडच्या कुणा फिरत्या विक्रेत्याचा. मी एक दिवस जास्तच राहिलो. का, ते मलाही सांगता आलं नसतं. जाता-येता आम्ही सारेच त्या रजिस्टरावर नजर टाकत होतो. अठ्ठावीसच्या संध्याकाळी तो जिना चढून आला. कुणाला चकार शब्द न बोलणारे मॅनेजर त्याच्यावर असे काही ओरडले, की बापानंही ओरडू नये. ओरडून झाल्यावर चष्मा पुसत आत गेले.

आता ते गृहस्थ नाहीत. रजिस्टराची जागा संगणकानं घेतली आहे. यंदा मे महिन्यात गेलो, तेव्हा काउंटरवर एक नवाच पोरगा होता. आधारकार्ड बघून त्यानं किल्ली दिली; कांद्याच्या माळेकडं पाहिलंही नाही. मनात म्हटलं, संपलं! आता दुसरा लॉज शोधायला हवा.

रात्री नाटकाहून परतायला एक वाजला. जिन्यात अंधार असेल म्हणून चाचपडत निघालो, तर वरच्या कमानीत दिवा. पोरगा बाकावर पेंगत बसला होता. मला बघून उठला, जांभई दिली आणि दाराला कडी घालत म्हणाला,

"तुम्हीच राहिला होतात, सर."