पेडलला बांधलेले पाय

मंडळी, आधी एक कबुली देऊन टाकते. जूनमध्ये माझं उजवं कोपर सोलवटलं होतं, ते जिन्यात पाय घसरून नव्हे. सायकलवरून पडले होते. आमचे चिरंजीव हा ब्लॉग नेमाने वाचतात. फोन उचलण्यापूर्वी त्यांनी शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

माझ्या बहात्तराव्या वाढदिवसाला त्याने सायकलचे बूट आणि त्याच्यासोबतचे पेडल पाठवले. तो स्वतः रोड सायकल दामटतो, तेव्हा आईलाही तेच. मीच मागे त्याच्याकडे तक्रार केली होती, की पावसात पेडलवरून पाय सटकतो आणि नडगी फुटते. बूट दिसायला फार सुरेख. पांढरेशुभ्र, तळवा फळीसारखा ताठ, आणि खाली तीन स्क्रूंनी बसवलेला प्लॅस्टिकचा तिकोनी तुकडा. त्याला क्लीट म्हणतात. तो पेडलमध्ये खटकन अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो.

गंमत म्हणजे या अडकणाऱ्या पेडलचं नाव 'क्लिपलेस'! जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला हे पचेना. मग खोदून काढलं. पूर्वी शर्यतीतले लोक पेडलवरच्या पिंजऱ्यात पाय घालून वर पट्टा आवळत. त्या पिंजऱ्याला टो क्लिप म्हणत. ती गेली, म्हणून हे क्लिपलेस. स्कीच्या पट्ट्यांना बूट अडकवायची साधनं बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ साली हे पेडल आणलं आणि १९८५ मध्ये बर्नार्ड इनोने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली.

पण इनोला वाटेत भजी खायला उतरायचं नव्हतं.

आमचा रविवारचा कार्यक्रम म्हणजे कोथरूडहून खडकवासला, जमलं तर पुढे डोणजे. आम्ही चौघं, सगळे निवृत्त. त्यात तीन थांबे ठरलेले आणि दोन न ठरलेले. धरणावर पोचलो की मी टाचांवर भार देऊन बदकासारखी टकटक करत भजीच्या गाडीकडे निघायची. ओल्या फरशीवर ते प्लॅस्टिक असं सरकतं, की मैत्रिणीचा हात धरावा लागे. शिवाय चालून चालून क्लीट झिजते ते वेगळंच.

आणि मग तो सिग्नल. सिंहगड रस्त्यावर दिवा लाल झाला. मी शहाण्यासारखा डावा पाय सोडवला आणि सायकल कलली उजवीकडे. उजवा पाय अडकलेलाच! सायकल पूर्ण थांबलेली होती, म्हणजे वेग शून्य. पोतं पडावं तशी आडवी झाले. मागच्या रिक्षावाल्याने करकचून ब्रेक लावला, मला उठवलं आणि म्हणाला, "आजी, पाय कशाला बांधून ठेवलेत?"

कोपरावर निभावलं. पण रात्री झोप लागली नाही. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, ते शेजारच्या वहिनींच्या घरी पाहिलं आहे. घरी कळलं असतं तर सायकल त्याच दिवशी विकली गेली असती. म्हणून तो जिना.

कोपर सुकल्यावर सायकलच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने मला वेग विचारला नाही. "काकू, एका फेरीत सायकलवरून किती वेळा उतरता?" एवढंच विचारलं. मी बोटांवर मोजलं. सिग्नल धरून वीसेक. त्याने माउंटन बाइकचे बूट पुढे ठेवले.

ते दिसायला अगदीच ओबडधोबड, आमच्या एनसीसीतल्या मुलांच्या बुटांसारखे. पण तळाला रबराचे दात, आणि क्लीट लहानशी, पोलादी, दोनच स्क्रूंची, दातांच्या मधल्या खोबणीत लपलेली. चिखलात उतरून सायकल खांद्यावर घेणाऱ्यांसाठी शिमानो या जपानी कंपनीने १९९० मध्ये ही पद्धत आणली. चिखलवाल्यांना जे जमतं ते भजीवाल्यांनाही जमतं. क्लीटमध्येही प्रकार आहेत. मी घेतली ती नुसती टाच वळवूनच नाही, तर पाय तिरका वर ओढला तरी सुटते. पेडलवरचा पकड कमीजास्त करायचा स्क्रूही त्याने पार सैल करून दिला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांब धरून पन्नास वेळा अडकवणं-सोडवणं केलं, पाढ्यांसारखं. तेव्हा कुठे रस्त्यावर आले.

तोटा आहेच. हे बूट थोडे जड, आणि दोन तासांनी चवड्याखाली क्लीटच्या जागी जरा दुखतं. ताठ, रुंद आधाराच्या रोड बुटांत तसं व्हायचं नाही. न थांबता शंभर किलोमीटर मारणाऱ्याने तेच घ्यावेत. पाय वर ओढूनही जोर मिळतो म्हणतात, मला तरी तो कधी जाणवला नाही. खड्ड्यातसुद्धा पाय जागच्या जागी राहतो, एवढंच मला हवं होतं.

पेडल मात्र मी एका बाजूने क्लीटचं आणि दुसऱ्या बाजूने साधं सपाट असं घेतलं. काल त्याच सायकलवर चपला घालून मंडईत जाऊन मेथी आणली.

चिरंजीव, तुझे बूट कपाटात खोक्यात नीट ठेवले आहेत. नातीचं माप आता माझ्याएवढंच झालंय, आणि तिला भजी आवडत नाहीत.