एप्रन आणि गाऊन

माझ्या कपाटात एक गाऊन आहे. हे कपाट घरचं नाही, सेटवरच्या वेशभूषेच्या खोलीतलं आहे. सुती कापड, निळी फुलं, पुढे चेन, एकाच बाजूला खिसा. ठाणे स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून घासाघीस करून घेतलेला. घरी नेऊन तीनदा गरम पाण्यात धुतला, रंग थोडा उडावा म्हणून. इस्त्री मुद्दाम केली नाही.

सीन असा होता : रात्री अडीच वाजता सासऱ्यांच्या छातीत दुखतं आणि थोरली सून धावत येते. आता रात्री अडीचला कुठली बाई काठपदराच्या साडीत, खांद्यावर पदर पिनअप करून झोपते? मी नायिकेच्या हातात गाऊन ठेवला. तिनं तो घातला, आरशात पाहिलं आणि हसत सुटली. "ताई, मी अगदी माझ्या आईसारखी दिसतेय!" बावीस वर्षं मालिकांची वेशभूषा करतेय, पण याच्याहून मोठी पावती मला मिळालेली नाही.

दोन दिवसांनी फोन आला. वाहिनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. "ताई, ती कामवाली वाटतेय. आपली नायिका अशी दिसत नाही. प्रेक्षकांना पटणार नाही." सीन पुन्हा चित्रित झाला. मरून साडी, सोनेरी काठ, मोठं मंगळसूत्र. सासरे त्याच जागी पुन्हा छाती धरून बसले. गाऊन कपाटात गेला.

ते प्रेक्षक कोण, हे मला माहीत आहे. त्यांतली एक माझी आई, डोंबिवलीत राहते. संध्याकाळी सातला टीव्हीसमोर बसते, अंगात गाऊन, खांद्यावर ओढणी. बेल वाजली की ओढणी पुढे घ्यायची, माणूस गेला की पुन्हा खांद्यावर. गाऊनवरची ओढणी हा महाराष्ट्रातल्या घराघरांतला पोशाख आहे आणि पडद्यावर तो नावालाही सापडत नाही. गंमत म्हणजे त्या सीनबद्दल मी आईला विचारलं, तर तीही म्हणाली, "बरं केलं बदललंत. टीव्हीवर काय गाऊन दाखवायचा?" म्हणजे वाहिनीचा माणूस खोटं बोलत नव्हता. प्रेक्षकांना खरंच पटलं नसतं. स्वतःचं घर पडद्यावर चालत नाही असं आईला कधीपासून वाटायला लागलं, हा प्रश्न मात्र मला तेव्हापासून सोडत नाही. तिला तसं वाटायला लावणाऱ्यांत माझा हात किती, हाही.

माझा धंदा ओळख पटवण्याचा आहे. रोजची मालिका लोक बघण्यापेक्षा ऐकतात जास्त. कणीक मळताना, मुलाचा अभ्यास घेताना, भाजी निवडताना. मधूनच मान वर करतात, दोन सेकंदांसाठी. तेवढ्यात त्यांना कळलं पाहिजे की ही सोशिक, ही कारस्थानी, हा घरचा मोठा आणि हिचा नवरा वारलेला. लेखकाला संवादासाठी निदान अर्धं मिनिट मिळतं. मला दोन सेकंद. मग सोपी वाट धरावी लागते. सोशिक सुनेला काठपदर, लहान गोल टिकली, वेणी किंवा अंबाडा. कारस्थानी बाईला बिनबाह्यांचा ब्लाउज, लांबट टिकली, पदर मोकळा आणि केसही मोकळे. तीच बाई पुढे सुधारते, तेव्हा दोन-तीन भागांत मी तिचे केस बांधून टाकते. असं करा असं मला कधी कुणी सांगितलं नाही. हात आपोआप क्लिपेकडे जातो.

'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ साली सुरू झाली, तेव्हा आमच्या धंद्यातले सगळे तिच्याकडे बारकाईनं बघत होते. राधिका साडीत, शनाया आखूड, आधुनिक कपड्यांत. रिमोट दाबून आवाज बंद केला तरी कोण बायको आणि कोण 'ती', हे कळायचं. वेशभूषेच्या दृष्टीनं ते चोख काम होतं, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, कारण तेच काम मीही केलंय. फक्त त्यानंतर कितीतरी महिने प्रत्येक लुक टेस्टला 'आमची शनाया' हा शब्द ऐकू यायचा. एका पात्राचं नाव कपड्यांच्या मापाचं नाव होऊन बसलं.

माझी सहायक सातारची, तेवीस वर्षांची. जीन्स आणि कुर्ता हा तिचा रोजचा वेष. एकदा खलनायिकेच्या जीन्सची कंबर टाचता टाचता ती तोंडात पिना धरून म्हणाली, "ताई, ही आणि माझी एकाच दुकानातली आहे." मग पिना काढून, "म्हणजे मी कुठल्या बाजूची?" आम्ही दोघी हसलो. पण ती मुलगी रात्री अकरा वाजता शूटिंग संपवून घोडबंदर रोडला रिक्षा शोधते, त्याच जीन्समध्ये. तिच्याकडे बघणाऱ्याचे डोळे काही अंशी मीही घडवलेत.

हे मी उगाच ओढूनताणून म्हणत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशांसाठी आणि वकिलांसाठी स्त्रियांविषयीच्या साचेबद्ध कल्पनांवर एक पुस्तिका काढली. कुठले शब्द निकालपत्रात वापरू नयेत, कुठली गृहीतं चुकीची, हे त्यात एकेक करून दिलंय. पारंपरिक न मानले जाणारे कपडे घालणाऱ्या बाईबद्दल लोक जे गृहीत धरतात, तेही त्यात आहे आणि ते खोटं आहे हेही स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलं तेव्हा मला माझी लुक टेस्टची वही आठवली. जे गृहीत धरू नका असं न्यायाधीशांना सांगावं लागतं, तेच प्रेक्षकांनी दोन सेकंदांत गृहीत धरावं म्हणून मला पैसे मिळतात.

आता कुणी म्हणेल, लोक घालतात तेच तुम्ही दाखवता. हे वाक्य मी सेटवर शेकडो वेळा ऐकलंय आणि स्वतः वापरलंयही. पण लोक घालतात ते कुठून येतं? रंगभूमीवर स्त्री-भूमिका करणारे बालगंधर्व पुरुष होते. त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा, दागिने, चालणं-बोलणं घरंदाज बायका उचलायच्या. म्हणजे आमच्या पणज्यांपैकी काहीजणी बाईसारखं कसं दिसावं हे एका पुरुषाकडे बघून शिकल्या. सिनेमातही सुरुवात तशीच झाली. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती होती अण्णा साळुंके. पडद्यावर यायला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांना ते ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करताना सापडले. पुढे १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच झाले. धोतर आणि साडी एकाच अंगावर. त्या वेळच्या कपडेपटवाल्याचा मला हेवा वाटतो, मापं एकदाच घ्यावी लागली असतील.

आपल्या सिनेमातली पहिली पतिव्रता खाणावळीतून आलेली होती, हे मला फार आवडतं. स्वयंपाकघराशी तिचा संबंध होता, पण पगारी.

मालिकांमधूनही लोक असंच उचलतात. 'होणार सून मी ह्या घरची' २०१३ साली सुरू झाली आणि काही महिन्यांत 'जान्हवीचं मंगळसूत्र' त्याच नावानं बाजारात मिळू लागलं. सराफाकडे, फुटपाथवर, जत्रेत. मी तेव्हा दुसऱ्या मालिकेवर होते. आमच्या नायिकेसाठी मंगळसूत्र आणायला बाजारात गेले, तर दुकानदारानं पहिलं तेच पुढे केलं. "मॅडम, हेच चालतंय सध्या. खऱ्या बायका हेच घालतात." मी ते घेतलं. पडद्यावरून दुकानात, दुकानातून गळ्यात, गळ्यातून पुन्हा पडद्यावर. प्रत्येक टप्प्यावर माणूस शपथेवर सांगतो की मी फक्त समोर होतं ते उचललं.

आणि मालिकांतली नायिका नेहमी घरातच असायची असंही नाही. दूरदर्शनची 'दामिनी' पत्रकार होती. १९९९ मधल्या 'आभाळमाया'तली सुधा जोशी प्राध्यापक. २००३ च्या 'वादळवाट'ची रमा वकील. या बायका दाराबाहेर पडायच्या, म्हणून त्यांच्या कपड्यांना पर्स, चपला, घड्याळ लागायचं. हल्ली नायिकेसाठी चपलांचा जोड मागवला की निर्मितीवाले विचारतात, "दिसणार आहेत का?" दिसत नाहीत. घराचा सेट कायमचा उभा असतो, ऑफिसचा लावायला एक दिवस आणि वेगळे पैसे लागतात. म्हणून नायिकेनं कंपनी काढली तरी निर्णय ओट्याशी उभं राहून घेतले जातात. यामागे विचारसरणी वगैरे फारशी नसते. भाडं असतं. भाड्यानं ठरवलेलं मग संस्कृती म्हणून घरोघर पोचतं.

एका गोष्टीची मला अजून लाज वाटते. मालिकेत नवरा मरतो तेव्हा आम्हाला आधी चिठ्ठी येते : 'उद्यापासून टिकली, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या बंद. फिक्या साड्या.' नेहमीच्या सूचनेसारखी सूचना. मीही किराणा भरावा तशा फिक्या साड्या आणायला हिंदमाताला जाते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. त्या आठवड्यात आमच्याकडे एक पात्र विधवा होणार होतं. मी भीत भीत विचारलं, टिकली ठेवू या का? उत्तर आलं, "मग कळणार कसं?" मी टिकल्यांचं पाकीट डब्यात टाकलं. एका गावानं जे ठरवून दाखवलं, ते मी एका दिवसासाठीसुद्धा करून पाहिलं नाही.

पुरुषांचे कपडे हा या धंद्यातला आरामाचा भाग. लग्नाआधी नायकाला बारा शर्ट, लग्नानंतर तेच बारा शर्ट. त्याच्या अंगावर असं काहीच नसतं ज्यावरून त्याला बायको आहे की नाही हे कळेल. बारीक रेघांचे शर्ट टाळायचे, कॅमेऱ्यात थरथरतात. याहून मोठी काळजी नाही. आमच्या कंटिन्युइटीच्या वहीत नायिकेचं एका सीनचं अर्धं पान भरतं : मंगळसूत्र लांब की आखूड, बांगड्या किती, जोडवी, टिकलीचा आकार, पदराला पिना किती, गजरा ताजा की सुकलेला. नायकाची एक ओळ. 'निळा शर्ट, काळी पँट, घड्याळ.' वेशभूषेची दुनिया पुरुषावर अशी मेहेरबान आहे, आणि अन्यायही तिथेच आहे, कारण त्याला रडवायचं झालं तरी माझ्याकडे त्याच्यासाठी काही नसतं. फार तर वरचं बटण उघडं.

गेल्या महिन्यात नायकाला स्वयंपाकघरात जायचं होतं. नायिकेची मुलाखत आहे, म्हणून तो सकाळी डबा करतो, भाजी फोडणीला टाकतो. आदल्या दिवशी निरोप आला : 'नायकासाठी एप्रन.'

मी वही उघडून मागची पानं चाळली. याच स्वयंपाकघरात नायिका दोन वर्षं पोळ्या लाटतेय, नकली जरीच्या साडीत. क्लोजअपला गॅस खरा पेटतो. त्या साड्यांचं कापड ज्वाळेजवळ गेलं तर वितळून अंगाला चिकटतं, म्हणून तिचा पदर तीन पिनांनी टाचलेला असतो आणि आमचे ड्रेसदादा कॅमेऱ्यामागे ओला पंचा घेऊन उभे असतात. दोन वर्षांत एकदाही तिच्यासाठी कुणी एप्रन मागितला नव्हता. मीही सुचवला नव्हता. तिच्यासाठी ओट्याशी उभं राहणं हा रोजचा दिवस होता. त्याच्यासाठी तो खास प्रसंग होता आणि खास प्रसंगाला वेगळे कपडे लागतात.

दिग्दर्शक तरुण आहे, बरा आहे. त्याला म्हटलं, एप्रन आणायला विसरले. तो म्हणाला, "ताई, तुम्ही? विसरलात?" माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही बोलला नाही. सीन एप्रनशिवाय झाला. फोडणीत हळद टाकताना नायकाची बाही कढईच्या कडेला लागली. त्यानं ती तशीच झटकली आणि संवाद म्हणत राहिला. तिसऱ्या टेकला ओके झालं.

वाहिनीकडून अजून काही आलेलं नाही. गाऊन कपाटात आहे, नायिकेनं परवा पुन्हा त्याची आठवण काढली. शर्टाला ड्रेसदादांनी घाईत साबण लावला, तेव्हा हळदीचा डाग लालभडक झाला. मग उन्हात टाकला, थोडा फिका पडला, गेला नाही. मी वहीत लिहिलं : 'निळा शर्ट, काळी पँट, घड्याळ, उजव्या बाहीवर मनगटाजवळ हळदीचा डाग, पिवळट, रुपयाएवढा. पुढचे दोन भाग तसाच ठेवणे.'