मुळशीचं नाव सांगताना

पौड, ता. मुळशी
20 जुलै 2025

चि. बाळास,


वहिनीनं, तुझ्या आईनं, तुझा निरोप दिला. एजंटानं चांगला भाव आणलाय, ओढ्याकडची उरलेली खाचरं विकून टाकावीत, पुण्यात फ्लॅट घ्यावा आणि यापुढं कुणी गाव विचारलं की पुण्याचा म्हणून सांगावं, असं तुझ्या मनात आहे. हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू घाईत असतोस, आणि हा विषय घाईचा नाही.

बंगळूरच्या ऑफिसात तू मुळशी म्हटलंस की पोरं बोटांची पिस्तुलं करून दाखवतात, कुणी ‘अरारा खतरनाक’ गाणं लावतं, हे वहिनीकडून कळलं. ते तू हसण्यावारी नेलंस. पण साताऱ्याकडच्या त्या स्थळानं तालुक्याचं नाव ऐकून पुढचं बोलणंच थांबवलं, तेव्हा तुझं मन मोडलं. मलाही ते लागलं. आपल्या घरात कुणी कुणाला काठी मारली नाही, कुणाची बांधावरची माती ओढली नाही. तुझे आजोबा आयुष्यभर राब भाजत, तरवे काढत, गुडघाभर चिखलात राहिले. त्यांच्या नातवाला गावाच्या नावावरून नकार यावा, याचं दुःख खरं आहे. त्याला मी लहान म्हणणार नाही.

तरीही त्या पाहुण्यांवर माझा राग कमी आहे. त्यांना आपल्याबद्दल जे दिसलं ते आपल्याच पोरांनी दाखवलं. पौडच्या चौकात उभी राहते तेव्हा मागच्या काचेवर ‘मुळशी पॅटर्न’ लिहिलेल्या गाड्या मला दिसतात. वाढदिवसाचे फ्लेक्स दिसतात, त्यावर काळे गॉगल आणि सोन्याच्या साखळ्या. लोकांनी आपल्याला नाव ठेवलं, आणि आपण ते नाव अंगावर दागिन्यासारखं घातलं. माझ्या वर्गात बाकावर बसलेली पोरं त्या फ्लेक्सवर पाहिली की मला घरी येऊन जेवण जात नाही.

‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा मी पाहिला आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये तो लागला तेव्हा आपल्या तालुक्यातून माणसं टेम्पो करकरून बघायला गेली होती. प्रवीण तरडे आपल्याच मातीतले, त्यांनी तो रागानं नाही, कळवळ्यानं काढला. त्यात आधी काय येतं ते आठव. मोहन जोशींनी केलेला तो बाप, ज्याची जमीन गेली, आणि जमिनीबरोबर मानही गेला. पोरगा गुंड होतो तो नंतर, आणि त्याचा शेवट काय होतो तेही दाखवलं आहे. ही गोष्ट शेतकऱ्याची होती. बाहेरच्यांनी त्यातला कोयता तेवढा उचलला, आणि आपल्या पोरांनी चालण्याची ढब. आता महाराष्ट्रात कुठंही टोळीनं खून केला की बातमीच्या मथळ्यात आपल्या तालुक्याचं नाव येतं. मरणारा तिकडचा, मारणारा तिकडचा, नाव आपलं.

आणि दुसरी एक गोष्ट बघ. हिंजवडी कोणत्या तालुक्यात आहे? माण, मारुंजी कुठं येतात? सगळं मुळशीत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथं राजीव गांधी आयटी पार्क उभं राहिलं ते मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर. पण तिथल्या कंपन्यांच्या पत्त्यावर पुणे असतं, कौतुक होतं ते पुण्याचं, आयटीचं शहर पुणे. लवळ्याच्या डोंगरावर विद्यापीठ झालं, तेही पुण्याचं. लवासाच्या जाहिराती निघाल्या तेव्हा तीही पुण्याजवळची वसाहत होती. 2010 साली पर्यावरण मंत्रालयानं तिथलं काम थांबवलं आणि दासव्याच्या आसपासच्या लोकांच्या जमिनींची प्रकरणं बाहेर आली, तेव्हा मात्र ते सगळं मुळशीतलं झालं. पुण्याच्या नदीला मुळा-मुठा म्हणतात ना, त्या दोन्ही आपल्या डोंगरातून उतरतात. टेमघरचं पाणी खडकवासल्याला जातं आणि कोथरूडच्या नळाला येतं. तू पुण्याचा म्हणवून घेशील, पण पुणं कशावर उभं आहे हे ठाऊक असताना तसं म्हणणं तुला जड जावं, असं मला वाटतं.

आता जे मला खरोखर सांगायचं आहे ते. आमच्या शाळेत मी दरवर्षी रामनवमीच्या आधी पोरांना मुळशी सत्याग्रह शिकवायची. पुस्तकात त्याला फार जागा नसे. 16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस. टाटा कंपनी मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून मुळेवर धरण बांधत होती, आणि त्यात पन्नासएक गावं जाणार होती. त्या दिवशी इथले मावळे शेतकरी धरणाच्या खोदकामावर जाऊन बसले. बायाही होत्या, कडेवर पोरं घेऊन. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. त्यांनी कुणावर हात उचलला नाही. त्यांना मारहाण झाली, तुरुंगात घातलं, तरी ते बसून राहिले. शिवराम महादेव परांजप्यांसारखा मोठा माणूस त्या पायी तुरुंगात गेला. विनायकराव भुस्कुटे गावोगाव हिंडले आणि पुढं त्यांनी त्या लढ्याची हकिगत लिहून ठेवली. पांडुरंग महादेव बापट पारनेरचे, आपले कुणी नव्हेत, पण या लढ्यातच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. 1924 साली त्यांनी रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. प्रा. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे.

त्या पुस्तकातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बुडणाऱ्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या. मावळे कुळं म्हणून त्या कसत होते. भरपाईचा आकडा बरा दिसताच सावकार मागं सरले, त्यांना रक्कम हवी होती. जमीन हवी होती ती कसणाऱ्याला, आणि त्याच्या हातात काहीच नव्हतं. लढा तिथंच आतून फुटला. धरण झालं. मुळेचं पाणी आजही बोगद्यानं सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं, तिथून कुंडलिकेत. कोलाडला लोक ज्या पाण्यावर होड्या हाकायला जातात ते आपलं पाणी. ज्यांनी ते दिलं त्यांची गावं पाण्याच्या कडेला सरकली, आणि गावठाणासाठी, घराखालच्या जागेसाठी त्यांची नातवंडं-पतवंडं शंभर वर्षांनंतरही अर्ज करत आहेत. बाळा, हाताला शस्त्र न लावता एवढी मोठी ताकद अडवून धरणारी ही माणसं. मुळशीचा पॅटर्न काढायचाच असेल तर तो यांचा निघाला पाहिजे. यांच्या नावानं एकाही गाडीची काच रंगवलेली मी पाहिली नाही.

पण अभिमान धरायचा तर खरं बोलावंच लागतं. आपल्या तालुक्याला लोक नुसतं उगाच नावं ठेवत नाहीत. हिंजवडीनंतर गुंठ्याचा भाव वर्षाला बदलू लागला आणि माणसं बदलली. विसार घेतला की आधी गाडी यायची, मग साखळी, मग बंगला. खाचर गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच बंगल्यासमोरच्या सोसायटीत बाप वॉचमनच्या खुर्चीत. लोक त्यांना गुंठामंत्री म्हणून हसले, मला हसू कधी आलं नाही. तालमीतल्या पोरांच्या अंगात ताकद होती, घरात काम नव्हतं, आणि जमिनीचा ताबा घ्यायला-द्यायला दांडगी माणसं लागत. कुणीतरी जेवण आणि पेट्रोल घालून त्यांना उभं केलं. जे ताबे घेतले गेले ते आपल्याच भाऊबंदांचे. जानेवारी 2024 मध्ये कोथरूडमध्ये भरदिवसा गोळ्या घालून ज्या गुंडाला मारलं, तो आपल्या तालुक्यातला. मे 2025 मध्ये भुकूममध्ये एका सुनेचा जीव गेला, हुंड्यासाठी छळल्याच्या आरोपावरून सासरच्यांना अटक झाली, आणि लग्नात दिलेल्या फॉर्च्युनरची चर्चा राज्यभर झाली. तेव्हा आपल्यातले काही म्हणाले, तालुक्याची बदनामी चाललीय. मी त्यांना म्हटलं, लेक कुणाची तरी गेली आहे, तालुक्याचं नंतर बघू.

जे लोक सोयीनं विसरले तेही सांगते. 7 जून 2021 ला उरवड्याच्या कारखान्यात आग लागली. सतरा कामगार गेले, बहुतेक बाया. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडलेल्या बाया. त्यात माझ्या ओळखीच्या घरांतल्या होत्या. जमीन विकली गेल्यावर घर कोण चालवतं हे त्या आगीनं सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं होतं. त्यावर सिनेमा आला नाही, आणि मुळशी म्हटल्यावर कुणाला त्या आठवतही नाहीत.

तालमीवरून एक सांगायचं राहिलं. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा ज्या मामासाहेब मोहोळांच्या नावानं दिली जाते, ते मुठ्याचे. यंदा फेब्रुवारीत अहिल्यानगरला ती पृथ्वीराज मोहोळनं जिंकली, तोही मुठ्याचा. त्या कुस्तीवर वाद झाले ते झाले. तीच माती, तोच खुराक, त्याच वयाची पोरं. कोण आखाड्यात उतरतो आणि कोण कुणाच्या गाडीत बसतो, हे बरंचसं घरात कसायला जमीन आणि बोलायला माणूस उरला आहे की नाही, यावर ठरतं. मी पोरं शिकवली आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हे आपल्याच नशिबी आहे असंही नाही. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि बीडच्या पोरांना पुण्यात खोली मिळणं अवघड झालं. ज्यांना हालहाल करून मारलं ते सरपंचही बीडचेच होते, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. इटलीत सिसिली बेटावर कॉर्लिओने नावाचं गाव आहे. ‘गॉडफादर’मुळं जगभर ते गुंडांचं गाव झालं. पण त्याच गावच्या बेर्नार्दिनो व्हेरोनं 1893 च्या सुमारास कुळांना एकत्र करून जमीनदारांकडून करार मिळवले, पुढं तो गावाचा महापौर झाला आणि 1915 साली माफियानं त्याला गोळ्या घातल्या. 1948 साली त्याच गावचा शेतकऱ्यांचा पुढारी प्लाचिदो रिझ्झोत्तो मारला गेला. गुंडांशी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त किंमत मोजून लढली ती गावातलीच माणसं, तिथं आणि इथंही.

तुला कुणी हसलं तर भांडू नकोस, आणि त्यांच्याबरोबर हसूही नकोस. भुकुमच्या त्या सुनेची गोष्ट निघाली तर मान खाली घाल, तिथं तेच शोभतं. रामनवमीची गोष्ट सांगायची वेळ आली तर सांग, पण बढाईच्या सुरात नको. त्या माणसांनी ती तशी केली नव्हती.

आता जमिनीचं. 1994 साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क दिला, तरी आपल्याकडं बहिणींनी हक्कसोड लिहून द्यायची रीत चालूच राहिली. भाव वाढल्यावर तर दर रक्षाबंधनाला कागद पुढं यायचे. तुझ्या वडिलांनी मला कधी सही मागितली नाही. म्हणून सातबाऱ्यावर तुझ्या आणि वहिनीच्या नावाबरोबर माझंही नाव आहे. तुझा हिस्सा विकायचा हक्क तुझा आहे, मी आड येणार नाही. माझा मी विकणार नाही. यंदा त्यात आंबेमोहर भात लावला आहे. भौगोलिक मानांकन मिळूनही तो इथं कमीच होत चाललाय, कारण उंच वाढतो, पडतो, इंद्रायणीइतका उतारा देत नाही. मजूर मिळाले नाहीत म्हणून शेजारच्या दोघी आणि मी पडकई करून, एकमेकींच्या शेतात राबून, लावणी उरकली.

सरस-निरस वाटणी करायची असेल तर मोजणीचा अर्ज द्यावा लागेल. श्रावणात चार दिवस सुट्टी काढून ये, दोघं मिळून भूमी अभिलेख कार्यालयात जाऊ. ओढ्याकडची बाजू तुला हवी की वरची, ते तू ठरव. विहिरीची वाट मात्र सामाईक राहील असं लिहून घेऊ. तोवर एजंटाकडून विसार घेतला नसशील तर घेऊ नकोस. घेतला असशील तर पावतीसकट परत कर, आणि कुलमुखत्यारपत्रावर सही मागत असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उचलू नकोस. वहिनीच्या गुडघ्यांना आराम आहे.

तुझी,
आत्या